यंदा किती पक्षी?

चोवीस जानेवारीच्या रात्री दोन वाजता
भट्टी पेटवण्याआधी मी वही उघडते.
उद्या पाखरांचं लग्न.
नवरी काळीपांढरी स्रोका, नवरा डोमकावळा.
मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बश्या ठेवून झोपलीत:
थंडीत दाणे घातले, त्याची परतफेड
पाखरं करून जातात.
पाखरं म्हणजे मी. गावाला ठाऊक आहे,
पाच वर्षांखालचे सोडून.

दुधात मळलेल्या कणकेचा पक्षी, डोळ्याला मनुका,
दर मुलामागे एक.
म्हणून सोर्बी बोलणाऱ्या या गावाची शिरगणती
माझ्याकडे आहे, पिठाच्या बोटांनी मळलेली.

बाबांच्या अक्षरात त्रेसष्ट.
मग कोळशाच्या खाणीनं शेजारचं गाव खाल्लं
आणि तिथली माणसं गाद्या घेऊन इकडे आली,
त्या साली एकदम अठ्ठ्याऐंशी.
वाढ म्हणतात का याला?
मग भिंत पडली. चाळीस.
त्याखाली बाबांनी दोनदा रेघ मारलीय.
पुढचं अक्षर माझं:
एकोणीस, सतरा, सतरा, अकरा.

ऑक्टोबरात बुडिशिनहून तिलो नावाचा माणूस आला,
सभ्य, लॅपटॉपवाला.
सहा वर्षांखालची मुलं किती, आईची भाषा, बापाची,
घरात कोणती.
एका चौकटीत एकच खूण.
म्हटलं, होरशानांचा व्हितो घ्या.
बाप आपली बोलतो, पण बाप शनिवारी येतो
वुल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून, रविवारी जातो.
दोन सप्तमांश खूण करता येईल?
हांका बाहुलीला रागावते जर्मनमध्ये,
निजवते सोर्बीत.
लेंकाची जुळी लायपझिगला मोजून झालीत,
सुट्टीत इथे येतात,
वाक्य आपल्यात सुरू करतात, संपवतात तिकडे.
तिलो हसला, काही टाइप केलं.
"आणि तुम्हाला मुलं?"
मी पाव कापायचं यंत्र सुरू केलं.
ते मोठा आवाज करतं.

पाद्रीबुवांच्या मागच्या खोलीत
खारकिव्हची बाई राहायला आलीय, ओस्तापची आई.
मी ख्ल्येब म्हणते, ती ख्लीब.
पाव देताघेताना एवढंच अंतर उरतं, मग हवापाण्यावर आलो
की दोघी गप्प.
ओस्ताप चार वर्षांचा. बालवाडीत तीन महिने झाले.
काल काउंटरला हनुवटी टेकवून
थेट आमच्या भाषेत विचारत होता,
पक्षी उडून येतात की तू आणतेस?
लबाड. मी म्हटलं, उडून.

तिलोच्या चौकटीत तो बसला नाही.
वहीत बाराव्या ओळीवर बसला.

चार वाजता टोपली घेऊन निघाले. उणे नऊ.
बर्फावर फक्त माझे बूट.
कट्ट्यांवर बश्या, एकीवर व्हितोनं
आदल्या दिवशीचं बिस्कीट ठेवलेलं, वऱ्हाडासाठी.
पाद्रीबुवांच्या मागच्या खिडकीत बशी नव्हती.
चांगला मोठा तवा होता.
पोरगं हावरट, की आईला नीट समजलं नाही,
कोण जाणे.
तव्यात एक पक्षी अगदीच एवढासा दिसला.

परत गेले, दुसरा आणला.
एक जास्तीचा मी दर वर्षी करते.
कुणासाठी, ते वहीत लिहीत नाही,
सकाळी उभ्याउभ्या मीच खाते, कॉफीत बुडवून.

यंदाची ओळ: मुलं बारा, पक्षी तेरा.
हिशेब जुळत नाही. असू दे.
कॉफी नुसतीच प्यायले.