वीस मिलिव्होल्ट

ओउलूत जानेवारीचा सूर्य कामावर उशिरा येतो
आणि कुणाला न सांगता लवकर निघतो.
म्हणून सौर पट्टी पहिल्याच बैठकीत खोडली.
बॅटरी दुसऱ्या.
उणे पस्तिसात तिची वाचाच बसते,
शिवाय निलासने विचारलं होतं,
पाचशे रेनडियरांच्या गळ्यात दर हिवाळ्याला
नव्या बॅटऱ्या घालणार कोण, तू?

उरली ती ऊब.
मानेकडची बाजू जिवंत, बाहेरची गोठलेली,
मधे नखाएवढी चकती.
मोकळी सोडली तर चाळीस मिलिव्होल्ट,
कामाला लावली की वीस.

निम्म्यावर येते तेव्हाच ती सर्वांत जास्त देते.
याहून ओढलं तर वाकते,
काहीच मागितलं नाही तर नुसती ताठ उभी राहते.
हे गणित मी आईला फोनवर समजावलं.
केमीच्या कागद गिरणीत एकतीस वर्षं काढलेली आई म्हणाली,
हे तुझ्या वडिलांना कुणीतरी
वेळेवर सांगायला हवं होतं.

पण वीस मिलिव्होल्टला विचारतो कोण?
ट्रान्झिस्टरला जाग यायला त्याच्या तीसपट लागतं,
आणि जागं करणाऱ्यानेही आधी जागं असावं लागतं.
चूल विझली तर शेजारून विस्तव आणता येतो.
इथे शेजारी म्हणजे बर्फ.

शेवटी असा ट्रान्झिस्टर शोधला
जो दार उघडं टाकूनच झोपतो.
ताइस्तोने भिंगाखाली, जाड बोटांनी,
एकास शंभर वेढ्यांची कॉइल गुंडाळली.
ऑसिलोस्कोपवरची सपाट रेघ जराशी हलली,
मग स्वतःच्याच धक्क्याने झुलू लागली,
झोपाळ्यावरचं पोर पाय मारत जातं तशी,
वर, अजून वर.
आम्ही दोघांनी कॉफी गार होऊ दिली.

आता पट्टा एकोणीस तास थेंब थेंब साठवतो,
आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत
एकदाच बोलतो: मी इथे आहे.
मग पुन्हा झोप.

ताइस्तोला मात्र दुसरी कॉइल हवी होती,
उलट्या दिशेने वाहणाऱ्या उबेसाठी.
मी भांडले. एक युरो ऐंशी सेंट, चार मिलिमीटर जागा.
ऊब उलटी वाहील कधी?
जनावर हवेपेक्षा थंड झालं तर? म्हणजे मेलं तर?
तो म्हणाला, खिसा दोन्ही बाजूंनी शिवावा.
निवृत्तीला त्याचे अकरा महिने उरले होते.
मी सही केली, ती त्याच्या वयाकडे बघून.

मार्चमध्ये दोनशे सतरा नंबरचा पट्टा गप्प झाला.
तीन दिवस.
चौथ्या दिवशी पहाटे बोलला,
पण उलट्या कॉइलमधून.

निलासला फोन केला आणि हवामानाबद्दल बोलत बसले.
त्याला कळलं. त्याने स्नोमोबाइल काढली.

दुपारी त्याने फोन केला, वाऱ्यात अर्धे शब्द गळत होते.
बर्च झाडाच्या बुंध्याशी पट्टा, बक्कल तुटलेलं,
पालथा पडलेला:
बाहेरची बाजू बर्फात रुतलेली,
मानेची बाजू आभाळाकडे.
बर्फाच्या खोल पोटात जमिनीने राखलेली ऊब असते,
हे त्याच्या आजोबांना ठाऊक होतं. मला नव्हतं.
त्या उबेवर तो तीन दिवस साठवत राहिला होता.

आणि मादी?
ती काय, समोर चरतेय, निलास म्हणाला,
खुराने बर्फ उकरतेय. गाभण आहे.
तुझ्या पट्ट्याची तिला काही पडलेली नाही.

ताइस्तोला कळवलं तेव्हा तो
गोठलेल्या समुद्रात भोक पाडून गळ टाकून बसला होता.
नुसतं "हं" म्हणाला,
आणि मासा लागलाय, म्हणून फोन ठेवला.

पुढच्या आवृत्तीच्या तक्त्यात
दुसरी कॉइल, एक युरो ऐंशी सेंट,
मी स्वतः लिहिलं.
शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं असतं.
कर्सर बराच वेळ तिथेच लुकलुकत होता.