सशीण क्रमांक एकोणचाळीस

तुर्कूमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
आमच्या तळघराला त्याचं सोयरसुतक नाही.
मी उणे वीसचा फ्रीजर उघडते,
बर्फ खरवडून डबी काढते.
डबीवर माझंच अक्षर:
सशीण ३९, तिसरं रक्त, १९९८.
अक्षर तेव्हा सरळ होतं.

नळीत उरलंय ते नखावर मावेल इतकं.
ग्लिसरीन आहे म्हणून गोठत नाही,
एवढ्या थंडीतही जागं.

ओस्कारी नवा आहे. विचारतो,
हे नक्की ओळखतं कुणाला?
मी सांगते, प्रत्येक पेशीत एक प्रथिन असतं,
म्यानातल्या सुरीसारखं, निरुपद्रवी.
पेशीची घटका भरली की ते तुटतं,
आणि तुटलं की कामाला लागतं.
आपलं प्रतिपिंड त्या तुटक्या टोकालाच बिलगतं.
अखंड असताना तेच प्रथिन
अंगाला घासून गेलं
तरी ओळख दाखवत नाही.

म्हणजे मेल्यावर?
मेल्यावर नाही रे. निघाल्यावर.
दार उघडं आणि पाय उंबऱ्यावर,
तेवढ्याच वेळात.

सशीण राखी होती, एक कान पडलेला.
त्या तुटक्या टोकाची नक्कल आम्ही तिला टोचायचो
आणि तिचं रक्त ती शिकायचं.
नाव ठेवायचं नाही असा नियम होता.
मी ठेवलं नाही.
फक्त शनिवारी माझ्या खिशात गाजराचा पाला निघायचा.
तो तिथे कसा आला
हे मी मलाही विचारलं नाही.

कंपनीचं नवं आलंय, महागाचं.
परवा लावून पाहिलं: वरपासून खालपर्यंत पट्टेच पट्टे,
लग्नातल्या त्या मामासारखं,
ज्याला मांडवातला प्रत्येक जण ओळखीचा वाटतो.
चिमुकल्या सतराच्या जागी मात्र
काही नाही.

म्हणून आज हे.
दुकानातली सायविरहित दुधाची भुकटी,
त्यात एक थेंब, हजारात एक,
आणि रात्रभर चार अंशांवर पाळणा.

माझ्या बहिणीच्या, हेल्काच्या, डाव्या पायाची
दोन बोटं जुळलेली आहेत.
सौनात वरच्या फळीवर बसून
आम्ही तिला बदक म्हणायचो.
खूप वर्षांनी, ह्याच तळघरात, काचपट्टीवर
उंदराच्या गर्भाचा पंजा पाहिला:
बोटांच्या मधे मधे तपकिरी ठिपके,
ह्याच सशिणीने दाखवलेले.
मधल्या पेशी जातात, म्हणून बोटं सुटी होतात.
हेल्काच्या दोन बोटांमधल्या
जायच्या राहिल्या.
रात्री तिला फोन केला. म्हणाली,
राइली, एवढ्यासाठी उठवलंस?

ग्रीकांच्या शब्दाचा अर्थ पानगळ, असं पुस्तकात आहे.
ज्याने निवडला, त्याच्या अंगणात झाड असणार.

सकाळी लाल दिव्याखाली फिल्म बुडवली.
ओस्कारी श्वास धरून.
आधी काहीच नाही.
मग सतरावर एक रेघ,
झोपलेल्याच्या पापणीएवढी.
औषध न दिलेल्या शेजारच्या रांगेत: कोरं.
तो शिट्टी वाजवतो. मी वाजवू देते.

वापरलेलं दूध लोक मोरीत ओततात.
मी ते पुन्हा नळीत भरते,
चिकटपट्टीवर तारीख घालते, थरथरत्या अक्षरात.
अजून दोनदा चालेल, कदाचित तीनदा,
दर वेळी थोडं फिकट.

शुक्रवारी माझी चावी परत द्यायची आहे.
ओस्कारी विचारतो, रिकामी झालेली मूळ नळी टाकू का?
मी म्हणते, थांब,
आणि ती कोटाच्या खिशात घालते,
जिथे पूर्वी पाला असायचा.