चार इंच जास्त

काट्यावर आधी मी एकटी,
मग केतकीला उचलून मी.
वजाबाकी चौतीस.
मागच्या दिवाळीला एकतीस होती.

आतापर्यंत दिवाणावर निभत होतं.
रबरी शीट, वर जुनी सुती साडी चौपदरी,
मी गुडघ्यांवर,
आणि श्रीनिवास तिचे खांदे धरून
पाढे म्हणायचा, तेराचा मुद्दाम चुकवत.
ती चुकीच्या जागी बरोबर हसायची.

बारावं लागलं तेव्हा तो आपणहून म्हणाला,
मी आता बाहेर थांबतो.
पाढे दाराबाहेरून येतात.
उचलायला मात्र मी एकटी.

श्रावणात ती घसरली.
पाय एकाएकी ताठ,
माझा एक हात लंगोटात गुंतलेला,
दुसरा पोचेपर्यंत
दिवाणाची कड, कपाळ.
दोन टाके.
एमवायमधल्या पोरगेल्या डॉक्टरनं विचारलं, कशी पडली?
म्हटलं, उंचीवरून.
दीड फुटाला उंची म्हणतात का,
हे त्यानं विचारलं नाही.

नवलख्याजवळच्या दुकानात पेशंटचा पलंग होता,
साडेसहा फूट. सुदामानगरातली आमची खोली
त्याच्यासकट दार उघडू देईना.
मग त्यानं तान्ह्यांचं टेबल दाखवलं,
बदकं छापलेलं, क्षमता पंधरा किलो.
पंधरा किलोंच्या पुढची मुलं
त्याच्या कॅटलॉगात नव्हती.
एक परदेशी होतं, बटणावर वरखाली होणारं.
किंमत तोंडानं नाही सांगितली,
कॅल्क्युलेटर आमच्याकडे वळवला.

लोहामंडीत दशरथ पांचाळ
शेवेच्या कारखान्यांना टेबलं करून देतो.
वेल्डिंग थांबवून चष्मा कपाळावर नेला.
"वजन कितना, भिया?"
चौतीस.
"और माल क्या?"
श्रीनिवास गप्प.
मीच म्हटलं, माल नाही. मुलगी.

तो उठला, नळावर हात धुऊन आला,
मग वही काढून विचारत गेला
एखाद्या शिंप्यासारखा.
कुठल्या कुशीला वळते, कुठला पाय आखडतो,
मी उभी राहिले की माझं कोपर कुठे येतं.
बोटं अडकतील म्हणून गजांऐवजी पत्रा लिहिला,
मग स्वतःच खोडला, तिला दिसणार कसं?
खाली बसवायला पंप,
गॅरेजवाले स्कूटर उचलतात तो.
आणि शेवटी लांबीत चार इंच वाढवले.
हे कशाला? श्रीनिवास मनात पैसे मोजत होता.
"बढ़ेगी ना."

बारा वर्षांत सगळ्यांनी आम्हाला
तिला काय जमणार नाही ते सांगितलं,
काहींनी कागदावर, सहीशिक्क्यानिशी.
ती वाढेल, असं कुणी
पेन्सिलीनं सहज लिहिलं नव्हतं.
मीसुद्धा नाही.
मी तर महिन्यातून एकदा
काट्याकडे रागानं बघते.

टेम्पोतून आलं ते जिन्यात अडकलं.
शेजारचे मुळे आणि त्यांचा जावई धावले.
हिरवं रेक्झिन, रंगाचा वास अजून ओला,
चारी कोपरे गोल घासलेले.
खुर्चीच्या उंचीला आणून तिला सरकवायचं,
कठडा लावायचा, खटका दोनदा तपासायचा,
मग पायानं पंप.
दाराबाहेर बे एके बे सुरू झालं
तशी ती इंच इंच वर आली,
आणि मी उभीच राहिले, पाठ सरळ.

इतकी वर्षं तिला
वाकलेली, घामेजलेली, केस लोंबणारी मी ठाऊक.
आता माझ्या हनुवटीकडे बघत राहिली,
घरात कुणी नवीन बाई आली असावी तशी.
बिजागरी कुरकुरली, तिनं मान वळवली.
तेल घालू का, बाहेरून विचारणा झाली.
राहू दे म्हटलं.

तेरा साते अठ्ठ्याण्णव, तो म्हणाला.

खाली येताना अजून गचका बसतो.
पांचाळ रविवारी येतो म्हणालाय.