ओला ओव्हरकोट

कॅसेटवर नाव नव्हतं.
इरेशम दुडमनं ती आणली
दुबईहून आलेल्या मेहुण्याच्या बॅगेतून,
टॉवेलात गुंडाळलेली.
टॉवेल सोलापूरचाच, परदेश बघून परतलेला.

मे महिना. दत्तनगर. तासाच्या भाड्यावरचा व्हीसीआर.
भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट,
त्यामुळं आवाज असून नसल्यासारखा;
आणि आला असता तरी
ती इंग्रजी आम्हाला कुठली कळायला.
इरेशम सांगायचा, मी मान डोलवायचो.

दोन गुप्तहेर, लंडनमधले. भागीदारीत.
त्यातला एक नदीत बुडून मेलेला
(बुडवलेला, इरेशम म्हणाला, नीट बघ की बे)
आणि तरी रोज सकाळी ऑफिसात हजर,
ओव्हरकोटातून पाणी निथळत,
फक्त भागीदाराला दिसणारा.
भागीदार त्याच्याशी बोलतो, खुर्ची सरकवतो,
लोक म्हणतात, बिचारा.
तो उभा राहील तिथं फरशीवर थारोळं.
टायपिस्ट बाई पुसते
आणि छताकडं बघते.

आम्ही खुनाकडं कमी,
त्या पाण्याकडंच जास्त बघत होतो.
नळ तेव्हा चार दिवसांआड.
"असलं भूत पाहिजे बे आपल्याला,"
इरेशम म्हणाला, "खाली घागर लावून ठेवायची."

शेवटी नदीकाठची गोदी, धुकं,
हॅट घातलेला खुनी, पाठमोरा.
मेलेला पुढं होतो, बोट उचलतो,
खुनी वळतो, वळतो
आणि वळलेल्या चेहऱ्यावर
बाशिंग.

कोण्या विजयालक्ष्मीचं लग्न,
बँडवाल्याचा घाम, बुंदीची पंगत,
कोपऱ्यात हलती तारीख.
कुणीतरी त्याच कॅसेटवर उरकलेलं.
इरेशम अख्खं लग्न बघत बसला,
न जाणो, वरात गेल्यावर गोदी परत येईल.

पुढं आम्हीही भागीदारी केली.
अक्कलकोट रोडला चार माग, चादरींचे.
सूत कमी भरायचं. कोन जायचे, एकेक, दोनदोन.
इरेशम पोत्यांआड दबा धरून बसे,
कॉलर वर करून, बेचाळीस डिग्रीत.
मी विचारायचो, काय करलालास बे?
तो ओठांवर बोट ठेवायचा.

तिसऱ्या रात्रीनंतर त्यानं वही मिटली,
भाकरीवर शेंगाचटणी मागून घेतली,
आणि तो विषय काढला नाही,
शेवटपर्यंत.
त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावानं
कारखान्यात यायचं सोडलं.

इरेशम गेला त्याला सहा वर्षं.
बुडून नव्हे, सोलापुरात बुडणार कुठं.
छातीत तीस वर्षांचा कापूस.

आज पहाटे त्याच्या स्टुलाखाली ओल,
दोन पावलं मावतील एवढी.
कूलर गळला असेल म्हटलं.
कूलर कोरडा. नळाचा आज पाचवा दिवस.

मी फडकं घेतलं नाही.
स्टूल जरा सरकवलं, वाऱ्याच्या वाटेवर,
आणि विचारलं,
तो वळल्यावर कोण दिसला बे तुला?

माग चालू होते, चारी.
ऐकू यावं म्हणून
हात बटणापर्यंत नेला
आणि तिथंच ठेवला.