नमुना

सोहार बंदराबाहेर, कॅम्प नंबर सात.
शुक्रवार. नमाज होऊन जेवणं उरकलेली.
खोली बाराच्या दारात मी चपला काढते.
हातात टॅब, टॅबमध्ये बेचाळीस विधानं,
प्रत्येकाला पाच उत्तरं,
'पूर्ण असहमत' पासून 'पूर्ण सहमत' पर्यंत.
माणूस यात बसतो, असं माझे गाईड म्हणतात.
नाही बसला तर नमुना वाढवा.

तीन दुमजली पलंग, सहा माणसं.
खालच्या पलंगावर हसनमियाँ सोलकर, दाभोळचे,
एकवीस वर्षं प्लास्टर.
माझं मराठी ऐकून त्यांनी एकुलती एक खुर्ची
आधी बनियनने पुसली, मग पुढे केली.
"बस बाय. विचार काय ते."

विधान नऊ :
पैसे पाठवायचं ॲप वापरणं मला सोपं वाटतं.

ते हसले. दोन्ही हात उताणे धरले,
रिकामी पिशवी दाखवावी तसे.
दहाही बोटांची टोकं गुळगुळीत.
"शिमिटानं खाल्ल्या रेषा.
मोठ्या रकमेला फोन म्हणतो बोट दे.
देतो. तर म्हणतो, तू तो नव्हंस.
पाटा झिजला तर टाकी लावणारी दारावर येते.
बोटांना कोण लावील टाकी?"

मग पाठवता कसे?

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं.
वरच्या पलंगावरून आधी दोन पाय लोंबले,
मग एक लाजरं हसू. लोकेंद्र. पाल्पाचा, बाविशीचा.
साइट ऑफिसात चहा देतो,
त्यामुळे त्याच्या अंगठ्यावर अजून सगळं शाबूत.
खोलीतल्या सहाही फोनांत त्याचाच अंगठा,
त्यातला एकच फोन त्याचा.
पगार झाला की रात्री रांग लागते.
दाभोळला चाळीस हजार, मधुबनीला अठरा,
सिल्हेटला जमेल तेवढे.
अंगठा टेकवताना तो तोंड भिंतीकडे वळवतो,
रक्कम दिसू नये म्हणून.
हे त्याला कुणी शिकवलं, मी विचारलं.
कुणालाच आठवेना.

विधान एकतीस :
माझा या तंत्रज्ञानावर विश्वास आहे.
"लिव, पोरावर हाय."
तसा पर्याय नाही, मी म्हटलं.
"मग पर्याय वाढव की. तुझ्याच हातात हाय."

माझ्या हातात नव्हतं.

मस्कतला परतले. सॉफ्टवेअरने लाल रेघ मारली :
सहा नोंदी, एकच बोट. बनावट असाव्यात. वगळायच्या?
गाईडनी समासात लिहिलं, स्वच्छ करा.
मी दोन दिवस ती फाईल उघडलीच नाही.
तिसऱ्या दिवशी उघडली आणि पंखा पुसायला घेतला.

पुढच्या खेपेला खोलीत पेढ्यांसारखं काहीतरी वाटलं.
लोकेंद्रला बढती. चहा सुटला,
आता तो प्लास्टरच्या टोळीत, महिन्याला वीस रियाल जास्त.
सगळे खूश होते. खरंच होते.
तरी मधुबनीवाला यादव
हातातला पेढा बराच वेळ नुसता धरून बसला.
पाच जणांनी वर्गणी काढून
त्याला रबरी हातमोजे आणले होते,
जाड, निळे, कोपरापर्यंत.
"घालतो ना?" सोलकरांनी माझ्यासमोर दरडावलं.
पंचेचाळीस डिग्रीत कोण घालतं.
तो हो म्हणाला.

माझ्या प्रबंधात एक प्रकरण आहे, स्वीकृती.
त्यात बाण आहेत, चौकोन आहेत,
उपयुक्ततेकडून हेतूकडे, हेतूकडून वापराकडे.
निळे हातमोजे कुठल्या चौकोनात ठेवू,
हे मला अजून सुचलेलं नाही.
त्या सहा नोंदी मी काढल्या नाहीत.
तळटीप लिहिली, पाच ओळींची, ती गाईडनी दोन केली.

रमजानात गेले तेव्हा सोलकर झोपले होते.
लोकेंद्र पायरीवर बसून अंगठ्याला खोबरेल चोळत होता.
मी काही विचारायच्या आधीच म्हणाला,
"अजून उघडतो, दीदी.
तिसऱ्या वेळेला."