बर्निसची चिठ्ठी

गॅसच्या बिलामागे लिहून ठेवलंय:
आपण सत्तावीस, ते चोवीस.
शेवटची किक वाऱ्याविरुद्ध,
खांबाला घासून आत.

बफेलोत रात्रभर बर्फ.
पहाटे चारला रस्ते मोकळे करायला गाडी काढली,
तळ्यावरून येणारा वारा
आज कुणाच्या बाजूचा, ते हुंगत.

क्वार्टरबॅकचा गुडघा सुजलाय म्हणे.
मी माझ्याच गुडघ्याला मलम चोळलं,
लागू पडलं तर पडलं.

बर्निस दर जानेवारीत फ्रिजवर लिहिते: हरणार.
अठरा वर्षं तिचंच खरं.
मी तोंड फिरवून बसतो,
ती न बोलता बीटचं सूप वाढते.

आज बूट काढता काढता वाचलं.
जिंकतील, लिहिलंय तिनं.
खाली दोन रेघा.

तेव्हापासून पोटात गोळा.
आता हरलो
तर सूप कोण वाढणार?