चौथं पाणी

हाविसच्या दारात काठी उभी राहिली,
टोकाला झुडपाचा झुबका,
की दलदलीपल्याडच्या बांधावरूनही कळायचं:
आज उतरली.

सातू भिजवून, मोड आणून, धुरावर वाळवून
भरडायचे,
आणि त्याच भरड्यावर कढत पाणी ओतायचं
तीनदा.
पहिलं दाट, पिंगट. पहिल्या धारेचं.
ते विकायचं, घरात कुणी तोंडाला लावायचं नाही.
दुसरं कापणीवरच्या माणसांना.
तिसऱ्यात सातूची नुसती आठवण;
ते पोरांना, दात गेलेल्यांना,
वाटेवरच्या भिकाऱ्याला.
उरला चोथा डुकराचा.
गावात तक्रार न करणारं तेवढं एकच गिऱ्हाईक.

लाकडी डाव ती कधी धूत नाही.
सासूनंही धुतला नव्हता.
त्याच्या भेगांत वाळलेला फेस निजून असतो,
पुढच्या खेपेला जागा होतो, फुगतो.
याला काय म्हणतेस, पाद्र्यानं विचारलं.
‘देव भला’, ती म्हणाली,
आणि झाकण ठेवलं.

दर तीन आठवड्यांनी जमीनदाराची कचेरी.
वायमंड, गावाचा चाखणारा,
मिशीवरचा फेस न पुसताच साक्ष देतो:
माप कमी.
कारकून ते लॅटिनमध्ये उतरवतो.
दोन पेनी मात्र
कुठल्याही भाषेत दोनच.
ती वाद घालत नाही. भाडं समजून मोजते.
आणि खरं सांगायचं, तर माप कमी असतंच:
बुडाशी बोटभर मेण आहे.
वायमंडला ठाऊक आहे,
त्यालाही त्याच मापानं मिळते ना.

कोण म्हणतं, तेव्हा पाणी कुणी पीतच नव्हतं?
ओढ्याला पालथा पडून तोंड लावणारा मेंढपाळ
काय पीत होता मग?
देवळामागच्या आल्डरखाली झरा होता,
तिथं दगडाला गुडघ्यांचे खळगे पडले होते.
पाण्याचं फक्त
कुणी दंडाच्या वहीत नाव लिहिलं नाही.
(द्राक्षाची दारू चांदीच्या पेल्यात होती,
पाद्र्याच्या ओठांपुरती.
गावाच्या वाट्याला तिचा वास.)

मग ती दोन वर्षं.
आभाळ फाटलं ते शिवलंच नाही,
सातू मातीतच कुजले.
काठी भिंतीला टेकून राहिली, झुबका वाळला,
आणि वायमंडला चाखायला काही उरलं नाही.
कचेरीत तो नुसता उभा राहायचा,
हात कुठं ठेवावेत ते न कळून.

माघार घेतलेल्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला.
त्याची सून इडोनी धावत आली:
झऱ्याचं पाणी मागतोय,
लहानपणी प्यायचा ते.
घरातलं भांडं विकलंय.

हाविसनं फळीवरून माप काढलं.
थोडा वेळ हातात धरून बसली.
मग सुरी घेतली,
बुडातलं मेण उकरलं, खरवडलं,
झऱ्यावर वाकली, काठोकाठ भरलं,
आणि चिखलातून चालत गेली
एक थेंब न सांडता.
एवढं जपून तिनं कधी काही विकलं नव्हतं.

त्यानं घोट घेतला.
सवयीनं तोंडात फिरवला, डोळे मिटले.
‘माप?’
‘भरलंय.’
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
‘जरा पातळ आहे.’

पुढच्या वर्षी सातू आले.
नवा चाखणारा आला, बिनमिशीचा.
हाविसनं मापात मेण पुन्हा ओतलं.
बोटभर नाही.
नखभर.